फिनिक्स परिसरातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र : नॅव्हाहो-होपी पाणीकरारामागे आपल्या शहरांनी उभं राहायला हवं

फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट, मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल, पिओरिया आणि व्हॅलीतल्या इतर शहरांत राहणाऱ्या सर्व मराठी मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

आधी मागणी सांगते, कारणं मग. ईशान्य अ‍ॅरिझोनातल्या नॅव्हाहो, होपी आणि सॅन हुआन सदर्न पायूट या तीन मूळ अमेरिकन जमातींनी राज्य सरकार, शहरं आणि पाणीपुरवठा संस्थांबरोबर वाटाघाटी करून पाणीहक्कांचा एक मोठा करार केला आहे. तिन्ही जमातींच्या कौन्सिलांनी तो मे २०२४ मध्ये एकमताने मंजूर केला. जुलै २०२४ मध्ये त्याचं विधेयक अमेरिकन काँग्रेससमोर आलं, त्या अधिवेशनात ते मार्गी लागलं नाही, म्हणून मार्च २०२५ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. काँग्रेसने कायदा करून पैसा मंजूर केल्याशिवाय करार अंमलात येत नाही. आपण प्रत्येकाने आपापल्या सिटी काउन्सिलसमोर जाऊन सांगावं, की या कराराला जाहीर पाठिंबा देणारा ठराव करा आणि तो अ‍ॅरिझोनाच्या सगळ्या खासदारांना पाठवा. एवढ्यासाठी हे पत्र.

हे मराठीत लिहायचं कारण, पाण्याची चर्चा आपल्यात मराठीतच होते. २०२३ च्या जूनमध्ये राज्याच्या जलसंपदा खात्याने फिनिक्स भागातल्या भूजलाचा पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडला, मागणीच्या चार टक्के तूट दाखवली, आणि निव्वळ भूजलावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना शंभर वर्षं पाणी पुरेल अशी प्रमाणपत्रं देणं थांबवलं. त्यानंतर कितीतरी दिवस आपल्या ग्रुपवर एकच विषय होता. बकायमध्ये घर घ्यावं का? क्वीन क्रीकचं काय होणार? घरांच्या किमती पडतील की चढतील? भारतातून आईवडिलांचे फोन येत होते, की तिथलं पाणी संपतंय म्हणतात, खरं का? त्या साऱ्या चर्चेत या खोऱ्यातल्या जमातींचं नाव मी कुणाकडूनच ऐकलं नाही. वास्तविक पाहता अ‍ॅरिझोनात संघराज्याची मान्यता असलेल्या २२ जमाती आहेत, आणि कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा कुठलाही हिशेब त्यांना वगळून पुरा होत नाही.

फ्लॅगस्टाफवरून उत्तरेला मोन्युमेंट व्हॅलीकडे आपण बहुतेक सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. पाहुणे आले की ग्रँड कॅन्यन आणि मोन्युमेंट व्हॅली ठरलेलीच. ट्युबा सिटी, केयेंटा हा रस्ता नॅव्हाहो नेशनमधून जातो. हा प्रदेश सुमारे २७ हजार चौरस मैलांचा, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून थोडा मोठा. पुढच्या वेळी जाल तेव्हा रस्त्यावरच्या पिकअप गाड्यांकडे नीट बघा. मागच्या हौद्यात लोखंडी पिंजऱ्यात बसवलेली पांढरी चौकोनी प्लास्टिकची टाकी असते. तिच्यात हजारएक लिटर पाणी मावतं. चॅप्टर हाउसजवळ, म्हणजे तिथल्या गावपंचायतीच्या कचेरीजवळ, पाणी भरायची जागा असते. एका ठिकाणी मी गाडी थांबवून बघत उभी राहिले. आजोबांनी जाड नळी टाकीच्या तोंडात धरली होती आणि नातू टाकीवर हात ठेवून पाणी कुठवर चढलं ते सांगत होता. भरत आली तशी गाडीची मागची बाजू चाकांवर बसत गेली. एक टन वजन ते. मग ती गाडी डांबरी रस्ता सोडून खडबडीत मातीच्या वाटेला लागली, अगदी हळू, पाणी हिंदकळू नये म्हणून. घर किती लांब आहे असं विचारलं, तर आजोबांनी हनुवटीनेच दूरच्या टेकाडाकडे दाखवलं. त्या दिशेला मला एकही घर दिसत नव्हतं.

नॅव्हाहो नेशनमधल्या जवळजवळ एक तृतीयांश घरांत नळाचं पाणी नाही. अशा घरांतला माणूस दिवसाला सात गॅलनच्या आसपास पाण्यात भागवतो, म्हणजे सव्वीस-सत्तावीस लिटर. अमेरिकेतला सरासरी माणूस ८० ते १०० गॅलन वापरतो. जवळची विहीर वापरावी, तर तिथेही अडचण आहे. १९४४ पासून चाळीसेक वर्षं या भूमीतून युरेनियम काढलं गेलं, पाचशेहून जास्त खाणी तशाच उघड्या टाकून दिल्या गेल्या, आणि बऱ्याच विहिरींच्या पाण्यात युरेनियम आणि आर्सेनिक आहे. होपींच्या कित्येक गावांनीही वर्षानुवर्षं आर्सेनिकचं पाणी प्यायलं आहे. मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानाने कोविडचे रुग्ण न्यूयॉर्कपेक्षाही नॅव्हाहो नेशनमध्ये जास्त झाले, ते आठवत असेल. वीस सेकंद हात धुवा असं साऱ्या देशाला सांगितलं जात होतं, आणि इथे हात धुवायचं पाणी गाडीतून आणावं लागत होतं.

आता आपल्या नळाकडे येते, कारण ही गोष्ट फक्त दयेची असती तर मी सिटी काउन्सिलचं नाव काढलं नसतं, देणगीची पेटी फिरवली असती.

आपल्या शहरांना कोलोरॅडो नदीचं पाणी सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टच्या ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून येतं. नदी पश्चिमेला खाली, शहरं वर. टूसानपर्यंत पोचेतो हे पाणी जवळजवळ २,९०० फूट उचलावं लागतं. एवढं पाणी उचलायला प्रचंड वीज लागते, आणि दशकानुदशकं ती जवळपास सगळी वीज नॅव्हाहो जनरेटिंग स्टेशनमधून आली. पेज गावाजवळ, नॅव्हाहो जमिनीवर, कोलोरॅडोवरच्या लेक पॉवेल या जलाशयाच्या काठी १९७४ ते २०१९ हे औष्णिक केंद्र चाललं. त्यातला सुमारे चोवीस टक्के हिस्सा संघराज्य सरकारने खास या कालव्याच्या पंपांसाठी राखला होता. कोळसा यायचा ब्लॅक मेसा या पठारावरून, नॅव्हाहो आणि होपींच्या भूमीतून. थंड करायचं पाणी लेक पॉवेलचं. १९६८ च्या कायद्याने कालव्याला मंजुरी मिळाली, आणि कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यातून अ‍ॅरिझोनाला मिळणाऱ्या ५० हजार एकर-फुटांपैकी ३४,१०० एकर-फूट पाणी या विद्युत केंद्राच्या वाट्याला ठेवलं गेलं. एक एकर-फूट म्हणजे सव्वाबारा लाख लिटरच्या वर. नॅव्हाहो कौन्सिलने तेव्हा आपला दावा बाजूला ठेवून याला संमती दिली होती.

ब्लॅक मेसावरच दुसरी खाण होती. तिथला कोळसा कुटून पाण्यात कालवायचा आणि ती लापशी सुमारे २७३ मैल लांबीच्या पाइपातून नेवाडातल्या विद्युत केंद्राला पाठवायची, असं १९७० पासून २००५ पर्यंत चाललं. त्यासाठी जमिनीखालचं अतिशय स्वच्छ पाणी उपसलं गेलं. कोळसा वाहून न्यायला पिण्याचं पाणी! आपले झरे आटत चालले आहेत असं होपी लोक तेव्हापासून सांगत आले. होपींचा मका पावसावर आणि ओलीवर येतो, त्यांचे सण झऱ्यांशी बांधलेले आहेत. खाणीच्या नोकऱ्या होत्या, रॉयल्टी मिळत होती, हे खरं. पण पेजजवळच्या केंद्रातून निघालेल्या उच्च दाबाच्या तारा ज्या घरांवरून गेल्या, त्यांतल्या हजारो घरांत ना वीज पोचली, ना पाणी.

म्हणजे आपण जी हिरवळ शिंपतो, ज्या पोहण्याच्या तलावात मुलांना सोडतो, त्या पाण्याला तीसहून जास्त वर्षं ज्यांच्या जमिनीने वर ढकललं, त्यांच्या घरात नळ नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरची गोष्ट मुंबईकरांना सांगायला नको. भातसा, तानसा, वैतरणेच्या पाण्यावर मुंबई चालते, आणि धरणांच्या शेजारच्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळा लागला की बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. तिकडे असताना आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाणी प्यायलं. इकडे येऊन पुन्हा आपण त्याच टोकाला राहतो आहोत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिच्यावाचून कराराचं महत्त्व कळत नाही. पश्चिमेकडे पाण्याचा नियम असा, की ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी. १९०८ मध्ये मोंटानातल्या फोर्ट बेल्कनॅपच्या खटल्यात, विंटर्स खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रिझर्वेशन, म्हणजे जमातीसाठी राखलेला प्रदेश, स्थापन झालं तेव्हाच त्या लोकांना जगण्यापुरतं पाणीही राखून ठेवलं गेलं, आणि त्या हक्काची तारीख रिझर्वेशनच्या स्थापनेची. नॅव्हाहोंचा तह १८६८ चा. त्याआधी चार वर्षं त्यांना घरादारातून हुसकून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्के रेडोंडोला नेऊन ठेवलं होतं. तिथल्या नदीचं मचूळ पाणी पिऊन माणसं आजारी पडली. तह करून ते परत आपल्या भूमीत आले, तेव्हा शेती करा म्हणून बी-बियाणं द्यायचं वचन सरकारने दिलं. पाणी नसेल तर बियाणं कशाला? १८६८ मध्ये फिनिक्स म्हणजे नुकती वसू लागलेली वस्ती होती, आणि तीही प्राचीन हुहुगम लोकांनी खणलेल्या जुन्या कालव्यांच्या वाटा पुन्हा मोकळ्या करून वसत होती. हक्काच्या रांगेत नॅव्हाहो आपल्या कालव्याच्या शंभर वर्षं पुढे उभे आहेत.

पण हक्क आहे म्हणणं वेगळं आणि किती, ते लिहून मिळणं वेगळं. १९२२ साली सात राज्यांनी वरचं खोरं आणि खालचं खोरं असे दोन भाग करून कोलोरॅडो नदी वाटून घेतली, तेव्हा एकाही जमातीला बोलावलं नाही. लिटल कोलोरॅडो या तिच्या उपनदीच्या पाण्यावर कुणाचा किती हक्क, याचा खटला अ‍ॅरिझोनाच्या न्यायालयात १९७८ पासून चालू आहे. जन्मलेलं मूल आजोबा होईल एवढा काळ! नॅव्हाहो नेशनने मग संघराज्य सरकारला न्यायालयात खेचलं, की निदान आमची गरज मोजा, आराखडा करा. २२ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की १८६८ च्या तहाने सरकारवर असं काही करायचं बंधन घातलेलं नाही. न्यायमूर्ती गोरसच यांनी विरुद्ध मत लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं, की नॅव्हाहो ज्या ज्या दारात गेले तिथून त्यांना दुसऱ्या दारात पाठवलं गेलं. त्या निकालानंतर एकच दार उघडं राहिलं, वाटाघाटींचं, आणि एका वर्षाच्या आत जमाती करार घेऊन त्यातून बाहेर आल्या.

हे सोपं नव्हतं. २०१२ मध्येही एक करार पुढे आला होता, सिनेटर काइल आणि मॅकेन यांनी त्याचं विधेयक मांडलं होतं. पण त्यात नॅव्हाहो जनरेटिंग स्टेशनच्या आणि कोळशाच्या भाडेपट्ट्यांच्या अटी गुंतवल्या होत्या. लोक रस्त्यावर उतरले आणि नॅव्हाहो कौन्सिलने तो फेटाळला. मला वाटतं, ते बरोबरच केलं त्यांनी. पाणी हवं असेल तर कोळसा जाळत राहा, ही अट करारात शोभत नाही. २०२४ च्या करारात असं काही नाही.

मग त्यात आहे काय? नॅव्हाहो नेशनला कोलोरॅडोच्या वरच्या खोऱ्यातलं वर्षाला ४४,७०० एकर-फूट पाणी, त्याखेरीज खालच्या खोऱ्यातलं थोडं. होपींना दोन्ही खोऱ्यांतून मिळून ८ हजारांहून अधिक. लिटल कोलोरॅडोचं जे पाणी वाहत रिझर्वेशनपर्यंत पोचेल, त्यावर हक्क. भूजलावर हक्क, आणि रिझर्वेशनच्या हद्दीलगत बाहेरच्यांनी नव्या विहिरी किती मोठ्या घ्यायच्या यावर मर्यादा. पाच अब्ज डॉलरचा निधी, ज्यातले सुमारे १.७ अब्ज लेक पॉवेलचं पाणी शुद्ध करून नॅव्हाहो आणि होपी वस्त्यांपर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनसाठी. आणि एक कलम मला फार मोलाचं वाटतं. सॅन हुआन सदर्न पायूट ही काहीशे माणसांची जमात. १९९० च्या सुमारास तिला संघराज्याची मान्यता मिळाली, पण स्वतःची जमीन नाही. २००० साली नॅव्हाहोंनी त्यांच्याशी तह करून आपल्या रिझर्वेशनमधली ५,४०० एकर जमीन त्यांना द्यायचं मान्य केलं. त्या तहावरही काँग्रेसची मोहोर इतकी वर्षं उमटलेली नाही. ती या कायद्याने उमटेल. ज्यांना स्वतःला पाणी मिळालेलं नाही, त्यांनी शेजाऱ्याला जमीन देऊ केली आहे.

बदल्यात जमाती आपले उरलेले दावे सोडून देतात. हे सोडणं लहान नाही. जमातींमधल्या काही लोकांना आजही वाटतं, की आपण फार थोड्यावर मान्य केलं, कोर्टात जास्त मिळालं असतं. त्यांचं म्हणणं चूक आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण निर्णय त्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींनी एकमताने घेतला आहे, आणि बाहेरच्याने त्याचा मान राखावा.

आता आपल्या मनातली शंका. त्यांना पाणी दिलं तर आपलं कमी होणार का?

कोलोरॅडोचं पाणी कमी होतंच आहे. २०२२ पासून अ‍ॅरिझोनाच्या वाट्यात अधिकृत कपात सुरू झाली, पहिल्याच वर्षी ५ लाख १२ हजार एकर-फुटांची. ती जमातींमुळे झाली नाही, नदी आटल्यामुळे आणि कागदावर नदीपेक्षा जास्त पाणी वाटल्यामुळे झाली. सध्याचे वाटपाचे नियम २०२६ च्या अखेरपर्यंतचेच आहेत. अशा वेळी सगळ्यांत ज्येष्ठ हक्क किती आहे हेच माहीत नसेल, तर कुठल्याही शहराला पुढच्या पन्नास वर्षांचं नियोजन करता येत नाही. उद्या न्यायालयाने एखादा मोठा आकडा दिला तर तो कुणाच्या वाट्यातून जाणार? करार झाला की आकडा ठरतो, जुने वापर शाबूत राहतात, खटले मिटतात. म्हणूनच सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्ट चालवणारी संस्था, सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट आणि राज्य सरकार करारात सामील आहेत. गव्हर्नर हॉब्ज यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वतीने त्यावर सही केली.

चँडलरकरांना तर याचा पुरावा गावाच्या वेशीवरच आहे. आपल्या दक्षिणेला आणि पश्चिमेला लागून हिला रिव्हर इंडियन कम्युनिटी आहे. एकेकाळी तिथले अकिमेल ओ'ओधम शेतकरी गव्हाची भरघोस पिकं काढत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वरच्या अंगाला स्थायिकांनी नदी वळवली, नदी कोरडी पडली, आणि या लोकांनी उपासमार सोसली. कित्येक दशकांच्या झगड्यानंतर २००४ च्या अ‍ॅरिझोना वॉटर सेटलमेंट्स कायद्याने त्यांना वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. शहरं बुडाली का? उलट फिनिक्स, स्कॉट्सडेल, पिओरिया, गुडइयर या शहरांना त्याच कायद्याखाली त्यांच्याकडून पाणी भाड्याने घेता आलं. चँडलर आणि मेसा आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी शेतीसाठी त्यांना देतात आणि बदल्यात कोलोरॅडोचं पाणी घेतात, पाचास चार या प्रमाणात. २०२३ मध्ये कोलोरॅडोवरच्या लेक मीड या जलाशयाची पातळी धोक्यात आली, तेव्हा याच कम्युनिटीने वर्षाला सव्वा लाख एकर-फुटांपर्यंत पाणी मोबदला घेऊन तलावात राहू द्यायची तयारी दाखवली. हक्क लिहून मिळाला होता, म्हणून त्यांना हे करता आलं. आपल्या भागात घर घेताना शाळेचं रेटिंग बघतो तसं हेही जरा बघावं, की आपला पाणीपुरवठा स्थिर राहण्यात या शेजाऱ्यांचा केवढा हात आहे.

पैशांबद्दलही बोललं जातं. पाच अब्ज फार होतात, असं. आपला कालवा बांधायला सुमारे चार अब्ज डॉलर लागले, तेही १९७३ ते १९९३ च्या किमतींना, आणि पैसा आधी संघराज्याच्या तिजोरीतून आला. शहरांनी त्यातला बराच भाग फेडला, फेडत आहेत. पण कालवा आधी आला, फेड नंतर. नॅव्हाहोंच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वीचं वचन आधी आलं आहे.

खरा अडथळा वेगळ्याच ठिकाणी आहे. कोलोरॅडो, युटा, वायोमिंग आणि न्यू मेक्सिको या वरच्या खोऱ्यातल्या राज्यांना काळजी वाटते, की जमातींना वरच्या खोऱ्यातलं पाणी खालच्या खोऱ्यात नेता आलं किंवा भाड्याने देता आलं, तर तो पायंडा पडेल. नॅव्हाहो नेशन तर दोन्ही खोऱ्यांत पसरलेलं आहे. १९२२ मध्ये आखलेली रेघ त्यांच्या भूमीवरून जाते, आणि ती आखताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एका वस्तीला पाणी, पलीकडच्या वस्तीला नाही, असं त्या रेघेमुळे होऊ नये एवढं त्यांचं मागणं. भाड्याने देणंही अ‍ॅरिझोनाच्या आतच आहे. तरीही राज्याराज्यांतला हा तिढा काँग्रेसमध्ये सहज सुटत नाही, आणि इथेच स्थानिक सरकारांचं वजन कामी येतं.

पाणीकरारांची विधेयकं वॉशिंग्टनमध्ये आली, की समितीतले खासदार हमखास विचारतात, स्थानिक लोकांचं काय म्हणणं आहे? शेजारची शहरं, शेतकरी, काउंटी विरोधात आहेत का? मोंटानात सेलिश आणि कूटनाय जमातींचा करार २०१५ मध्ये राज्याच्या सभागृहात ५३ विरुद्ध ४७ मतांनी कसाबसा निघाला, कारण स्थानिक विरोध तापलेला होता. काँग्रेसचा कायदा व्हायला डिसेंबर २०२० उजाडलं. इथे आपल्याकडे उलटी गोष्ट घडली आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो. फ्लॅगस्टाफ, विन्स्लो आणि लिटल कोलोरॅडोच्या खोऱ्यातली इतर गावं करारात पक्ष म्हणून उभी आहेत.

फ्लॅगस्टाफचं तर विशेष कौतुक आहे. या शहराचे आणि जमातींचे संबंध काही गोडीगुलाबीचे नव्हते. सॅन फ्रान्सिस्को पीक्स हे डोंगर नॅव्हाहो, होपी आणि आणखी कित्येक जमातींना पवित्र. तिथल्या स्नोबोल या स्कीइंगच्या ठिकाणी कृत्रिम बर्फ करायला शहराने प्रक्रिया केलेलं सांडपाणी विकलं. देवाच्या डोंगरावर सांडपाण्याचं बर्फ! होपींनी कोर्टात दाद मागितली, २०१८ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. त्यातच नॅव्हाहो हद्दीला लागून असलेलं रेड गॅप रँच शहराने २००५ मध्ये विकत घेतलं, पुढेमागे तिथलं भूजल चाळीसेक मैलांवरून आणायचं म्हणून. इतक्या कडवटपणानंतर हीच माणसं एका टेबलाशी बसली, विहिरींवरून, हद्दींवरून वर्षानुवर्षं बोलली आणि सह्यांपर्यंत आली. जखम बुजली असं मी म्हणणार नाही, तो डोंगर तिथेच आहे आणि दर हिवाळ्यात बर्फही पडतं. तरी पाण्याच्या बाबतीत त्यांनी शेजारधर्म धरला. सत्तर-पंच्याहत्तर हजार वस्तीच्या डोंगरातल्या शहराला हे जमलं, तर आपल्या व्हॅलीतल्या बलाढ्य शहरांनी गप्प का बसावं? ज्यांना त्या कोळशाचा सगळ्यांत जास्त फायदा झाला, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा यायला हवा.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतील, आम्ही एच-वन-बीवर, आम्हाला मत कुठे आहे? मत नाही, हे खरं. पण सिटी काउन्सिलच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. तुम्ही रहिवासी आहात, पाण्याचं बिल भरता, मालमत्ता कर भरता. बैठकीत लोकांना बोलायची वेळ ठेवलेली असते, आधी नाव द्यायचं, दोन-तीन मिनिटं मिळतात. ज्यांचं नागरिकत्व झालं आहे त्यांनी आपल्या काँग्रेस प्रतिनिधीच्या आणि दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयांना फोन करावा. सिनेटर केली यांनी विधेयक मांडण्यात पुढाकार घेतला आहे, सभागृहात प्रतिनिधी सिस्कोमानी यांनी. पाठिंबा दोन्ही पक्षांतून आहे, तेव्हा आपण कुणाचे मतदार याचा प्रश्न येत नाही.

गणपतीत, दिवाळीत आपण शहराच्या महापौरांना, काउन्सिलच्या सदस्यांना बोलावतो, शाल देतो, फोटो काढतो. ते आनंदाने येतात, कारण आपल्या संख्येची त्यांना दखल आहे. ती दखल या कामी लावावी अशी मंडळांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे. जुनी-जाणती मंडळी इथे तीस-तीस वर्षं राहिली आहेत, त्यांनी पुढे व्हावं. त्यांच्या शब्दाला वजन आहे.

बोलताना काय बोलायचं, तर एवढं पुरे आहे : ईशान्य अ‍ॅरिझोनाच्या तीन जमातींच्या पाणीकराराला आमच्या शहराने ठराव करून पाठिंबा द्यावा, काँग्रेसने निधीसकट तो मंजूर करावा असं खासदारांना कळवावं, आणि वरच्या खोऱ्यातल्या राज्यांशी बोलताना अ‍ॅरिझोनाने जमातींचं पाणी देवघेवीत पणाला लावू नये. हे तिसरं मुद्दाम सांगा. २०२६ नंतरच्या नियमांवरून राज्याराज्यांत जी ओढाताण चालली आहे, तिच्यात सगळ्यांत आधी बळी जातो तो ज्याचा हक्क अजून कागदावर आलेला नाही त्याचा.

मी चँडलरच्या काउन्सिलपुढे नाव दिलं आहे. बरोबर कुणी येणार असेल तर जरूर कळवा, एकीपेक्षा दहा जणी बऱ्या. गिल्बर्ट, मेसा आणि पिओरियासाठी त्या त्या शहरातल्या कुणीतरी जबाबदारी घ्यावी. इंग्रजीतलं दोन मिनिटांचं निवेदन तयार आहे, हवं त्याला पाठवते.

आपली,
चँडलरमधली एक मराठी शेजारीण